अर्धी गोळी

ज्याचे लक्ष लागत नाही अशा माणसासाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. धांदरट, वेंधळा, विसराळू, चळवळ्या, धसमुसळा... वर्गात विचारले तर पाच मिनिटांत फळा भरतो. पण वाचकहो, हे शब्द एकदा नीट न्याहाळून पाहा. त्यांतला एकही शब्द त्या माणसाला काय होते हे सांगत नाही. त्याच्यामुळे आपल्याला किती त्रास होतो, एवढेच सांगतो! अपवाद एका वाक्प्रचाराचा. चित्त थाऱ्यावर नसणे. थारा म्हणजे आसरा, टेकायची जागा. चित्त बिचारे आहे, पण त्याला टेकायला जागा मिळत नाही. ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम वापरला असेल, त्याच्या घरात असे एखादे मूल नक्की असणार.

आमच्या घरात ते आहे. धाकटी, वय वर्षे १२, इयत्ता सातवी. मे महिन्यात पुण्यातल्या एका खाजगी मनोविकारतज्ज्ञांनी तिला एडीएचडी असल्याचे निदान केले. मुलगे वर्गात बाके वाजवतात म्हणून ते लवकर ध्यानात येतात. मुली पुष्कळदा खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार कोण करणार? निदानाची कथा मात्र आज सांगायची नाही. निदान दोन भेटींत झाले. त्यानंतर सुरू झाले ते गोळीचे प्रमाण ठरवणे, आणि ते अजून चालू आहे.

मधुमेहाच्या रोग्याची साखर मोजता येते, थायरॉइडचे रक्त तपासता येते. इथे तसे काहीच नाही. कोणत्या मुलाला किती मिलिग्रॅम लागेल, हे त्याच्या वजनावरूनही नेमके सांगता येत नाही. थोडे द्यायचे, आठवडाभर बघायचे, मग वाढवायचे. डॉक्टर वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजतात; पण ते औषध सोसते आहे की नाही हे पाहण्यासाठी. ते लागू पडते आहे की नाही, हे कळायचे साधन एकच : घरच्यांनी, शाळेने आणि खुद्द मुलाने केलेले वर्णन. म्हणून मराठीच्या प्राध्यापिकेने गोळीवर लिहिले तर वाचकांनी क्षमा करावी. विषय माझाच आहे.

पहिल्या फेरीत "कसं काय आहे?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं आहे हो." हे म्हणाले, "इम्प्रूव्हमेंट आहे." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "आजी, काल संध्याकाळी ती किती वाजता अभ्यासाला बसली आणि किती वेळा उठली, ते सांगता येईल?" सासूबाईंनी ते चटकन सांगितले. साडेपाचला बसली, सातपर्यंत चारदा उठली, एकदा पाणी प्यायला, तीनदा उगीचच. विशेषणे घरी ठेवून यायची आणि क्रियापदे बरोबर आणायची! त्या रात्री मी दोनशेपानी वही काढली.

औषधाचे नाव मेथिलफेनिडेट. हे काही कालचे पोर नव्हे. १९४४ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले आणि आपल्या बायकोच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, ते पुढे रिटालिन झाले. (बायकोचे नाव औषधाला द्यावे, हा प्रेमाचा प्रकार मला नवीनच.) त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध मुलांना देऊन पाहिले होते, तेव्हा कित्येक मुले अभ्यासाला लागली, ती त्याला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. उत्तेजक औषधाने मूल स्थिर कसे होते, हा प्रश्न सासूबाईंनीही विचारला. मेंदूतली डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये या औषधामुळे जागच्या जागी जरा जास्त वेळ टिकतात. त्यामुळे हातातले काम सोडून दुसरीकडे धावणाऱ्या मनाला लगाम घालणारी यंत्रणा नीट चालते. "म्हणजे थारा मिळतो," सासूबाई म्हणाल्या. मला पटले.

जूनमध्ये सुरुवात झाली ती १० मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीने, न्याहारीच्या आधी. आठवड्याने आणखी अर्धी दुपारी. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तासांचा. शाळा सकाळची, म्हणून सातला घेतलेली अर्धी अकराला संपायची आणि नेमका तेव्हाच गणिताचा तास! मधल्या सुट्टीत गोळी कोण देणार, यावर शाळेशी दोन पत्रे झाली. त्यांचा तपशील नीरस आहे. शेवटी जुलैत दिवसभर पुरणारी १८ मिलिग्रॅमची गोळी आली. ती न फोडता, न चावता गिळायची.

गोळी मिळवणे हाही एक उद्योग आहे. ती 'शेड्यूल एक्स' या कडक यादीत मोडते. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक दुकानदार ठेवून घेतो आणि त्याला ती दोन वर्षे जपावी लागते. असली औषधे ठेवायला वेगळा परवाना लागतो, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात ती नसतेच. ह्यांनी फोनवरूनच चिठ्ठी मागवू असे सुचवले होते. पण २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी या यादीतली औषधे तशी लिहून द्यायला मनाई केली. तेव्हा दर खेपेला रजा टाकून जाणे आले. पहिल्या भेटीचे २००० रुपये, पुढच्या प्रत्येकीचे १२००. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो खरा. पण आमचा विमा इस्पितळात दाखल झाल्याखेरीज कशालाच पैसे देत नाही, त्यामुळे ही समानता आम्हाला तंतोतंत लाभली! तरी मी कुरकुरत नाही. त्या बाराशेत गोळीचा पैसाही नसतो. मिळतात ती वीस मिनिटे, आणि सारे औषध त्या वीस मिनिटांवर उभे आहे.

ऑगस्टमध्ये प्रमाण ३६ झाले, आणि घरात आनंदीआनंद झाला. दप्तर रात्रीच भरलेले. डबा शाळेत विसरलेला नाही. घटक चाचणीत गणितात २० पैकी १८. बाईंनी वहीत 'उत्तम सुधारणा' असा लाल शेरा दिला. सासूबाईंनी शेजारी सांगितले, "पोर शहाणी झाली हो!" छापील तक्त्यात शाळेने आणि आम्ही 'कधी कधी'च्या रकान्यात भराभर खुणा केल्या. माझ्या वहीत मात्र त्याच दिवसांत दुसऱ्या नोंदी पडत होत्या. डबा परत येतो, पण भरलेला. झोप अकराच्या आत नाही. वजन दीड किलो उतरले. आणि एक नोंद अशी : आज दिवसभर गाणे म्हटले नाही. आमची ही मुलगी बाथरूममध्ये, जिन्यात, चपला घालताना, सतत काहीतरी गुणगुणत असते. त्या आठवड्यात घर फार शांत होते.

सप्टेंबरच्या भेटीत डॉक्टरांनी आमची तिघांची वर्णने ऐकली आणि मग खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुला कसं वाटतं?"

ती बराच वेळ बोटांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "विनोद कळतो. पण हसू येत नाही."

आमच्या तिघांच्याही वर्णनात हे नव्हते. माझ्या वहीतसुद्धा नव्हते. डॉक्टरांनी ते वाक्य आहे तसे मराठीत आपल्या कागदावर लिहून घेतले. प्रमाण जास्त झाले की काही मुले अशी मिटतात, म्हणाले. पुन्हा १८ वर जाऊ.

"सहामाही तीन आठवड्यांवर आली आहे," हे म्हणाले. "निदान तोवर आहे तेच चालू ठेवू या. मार्क घसरले तर?"

"थोडे घसरतीलही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दोघं ठरवा. तिलाही विचारा."

घरी येताना रिक्षात कोणी बोलले नाही. रात्री बोलणे झाले, आणि ते काही गोड नव्हते. ह्यांचे म्हणणे असे की, आयुष्यात प्रथमच पोरीला कोणी हुशार म्हणाले आहे. ते सुख तिच्या हातून काढून घ्यायचे? हा बापाच्या पोटातला प्रश्न आहे, आणि मी तो हलका मानत नाही. माझे म्हणणे एवढेच की, तिच्या गप्प बसण्याने शाळेला सुख, आजीला सुख, आम्हाला सुख; गोळी गिळते ती, आणि तक्रार करणारीही तीच एकटी. सकाळी तिला विचारले. "कमी करा," ती म्हणाली, आणि लगेच, "पण गणिताला काहीतरी ठेवा." व्यवहार आमच्यापेक्षा तिला जास्त कळतो! डॉक्टरांपुढे हे ठेवले. त्यांनी सकाळी १८ आणि दुपारी तीन वाजता, अभ्यासापुरती, साध्या गोळीची अर्धी असे ठरवून दिले. चारनंतर घेतली तर झोप जाते, म्हणून तीनच्या ठोक्याला.

सहामाहीत गणितात ५० पैकी ३६ पडले. ह्यांनी ते पाहिले, काही बोलले नाहीत. पण निर्णय त्यांना पुरता पटला आहे असे मी म्हणणार नाही. डबा अर्धा संपतो. झोप साडेदहाला. छत्री एकदा रिक्षात राहिली. जिन्यात गाणे पुन्हा सुरू झाले आहे, आणि खालच्या मजल्यावरून त्याबद्दल एक तक्रारही आली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांच्या सल्ल्याने पंधरा दिवस गोळी बंद ठेवून पाहायची आहे. भूक परत आली तर वजन भरून निघेल. सासूबाईंनी चकल्यांची भाजणी त्या हिशेबाने जास्त दळून आणली आहे. वही आता धाकटीनेच मागून घेतली आहे. माझे अक्षर तिला लागत नाही म्हणे. पहिल्या पानावर तिने तीन रकाने आखले आहेत : 'झोप', 'भूक' आणि 'हसू'. पुढची भेट शाळा उघडल्यावर, पहिल्या शनिवारी.