कुत्र्याच्या स्वभावावर शिक्का कसा मारणार?

आमच्या सोसायटीच्या कमिटीने फर्मान काढलं : कुत्रा पाळायचा असेल, तर त्याचा स्वभाव तज्ज्ञाकडून तपासून सर्टिफिकेट आणा. एक ट्रेनर आला. त्याने प्रत्येक कुत्र्यासमोर वीस मिनिटं छत्री उघडली, डबा आपटला, काठीला लावलेल्या खोट्या हाताने जेवणाचं भांडं ओढून पाहिलं. आमचा बंड्या 'शांत, मनमिळाऊ' ठरला. दुसऱ्या मजल्यावरची राणी त्या हातावर गुरगुरली. ती 'आक्रमक'. आता तिला घराबाहेर काढा म्हणून तिच्या माणसांवर दबाव आहे.

निकाल माझ्या बाजूने लागलाय. तरीही सांगतो, या कागदाला काडीची किंमत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एक टेस्ट पास झाली म्हणजे बग नाहीतच, असं आमच्यात नवखा पोरगाही म्हणत नाही. समजा, 100 कुत्र्यांपैकी 5 खरंच धोकादायक आहेत आणि चाचणी 80 टक्के अचूक आहे. ती 5 पैकी 4 पकडेल, पण उरलेल्या 95 मधल्या 19 गरिबांवरही ठपका ठेवेल. म्हणजे 23 'आक्रमक' कुत्र्यांपैकी 19 निर्दोष, आणि एक धोकादायक कुत्रा सर्टिफिकेट घेऊन लिफ्टमध्ये! आकडे मानलेले आहेत, गणित खरं आहे. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी 2016 मध्ये प्राण्यांच्या शेल्टरमधल्या अशा चाचण्यांबद्दल हाच मुद्दा मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच नाणेफेकीशी तुलना आहे.

बंड्या फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरतो. तेव्हा कुणी हात घातला तर तो चावू शकतो. हे माझ्या आईला माहीत आहे, सर्टिफिकेटला नाही. पण सर्टिफिकेटच्या भरवशावर शेजारची पोरं आता बिनधास्त त्याच्या गळ्यात पडतात.

तपासणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. ती नीट करा. आधी व्हेटकडे जा. कान, दात, सांधे दुखत असतील तर गरीब कुत्राही चावतो. मग घरच्यांना विचारा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली 'सी-बार्क' प्रश्नावली पाहुणे, आवाज, खाणं, एकटेपणा अशा प्रसंगांतलं रोजचं वागणं विचारते. आणि निकाल पास-नापास नको. 'जेवताना भांड्याला हात लावू नका, दिवाळीत त्याला एका खोलीत शांत राहू द्या' असा हवा.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. समोरचं दार बंद, म्हणून सर्टिफिकेटचं हे मागचं दार.

राणी गुरगुरली, चावली नाही. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं. सांगून सवरून इशारा देणारीलाच हाकलणार असाल, तर तुम्हाला सुरक्षितता नकोय, फक्त कागद हवाय. तुमच्या सोसायटीत असा ठराव आला तर तीनच प्रश्न विचारा : कुत्र्याला किती वेळ पाहिलं, कुठे पाहिलं आणि घरच्यांना काय विचारलं?