आजीच्या पेटीतली राणी



परवा परळच्या आमच्या चाळीतल्या एका आजींनी हाक मारली, "बाळा, तू हिशेबातला माणूस. जरा हे बघ." पेटीतल्या फडक्यातून त्यांनी चांदीचे मोठे नाणे काढले. सासरे गोदीत कामाला होते, त्यांच्या वेळचे. एका बाजूला डोक्यावर पदर घेतल्यासारखी बाई, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल 1780. नातवाला फोनवर कुणी सांगितले, "अडीचशे वर्षांचे नाणे आहे, लाखो मिळतील. आधी पाच हजार नोंदणी फी भरा." त्यासाठी आजी कानातले गहाण टाकायला निघाल्या होत्या.

हे नाणे ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचे. त्याला थालर म्हणतात. राणी 1780 साली वारली. पण इथिओपिया, येमेन आणि तांबड्या समुद्राकाठच्या बाजारांत लोकांचा या नाण्यावर एवढा विश्वास, की पुढेही तेच साल घालून ते पाडले गेले. व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये आणि 1940-41 साली आपल्या फोर्टातल्या टाकसाळीतही! इथिओपियात इटलीशी लढणाऱ्या ब्रिटिशांना तिथे चालणारे नाणे हवे होते. म्हणून नुसत्या सालावरून या नाण्याचे वय ठरत नाही.

आता विचार करण्याची गोष्ट. थालरचे वजन सुमारे 28 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे 23.4 ग्रॅम. मुंबईत पाडतानाही चांदी पुरी घातली, कारण तिथला माणूस नाणे पारखून घेत असे. त्याच 1940 साली आपल्या रुपयातली चांदी मात्र बारा भागांतल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली. छाप राजाचाच, वजनही तेच; आत चांदी कमी.

बाबासाहेबांनी 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाचा प्रश्न मुळापासून मांडला. रुपयाला बाजारात काय मिळते आणि ती किंमत स्थिर राहते का, हा त्यांचा कस होता. महागाई वाढली की पगार तोच दिसतो, पण पिशवी अर्धी भरते. हे गिरणगावातल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

आजींना मी सांगितले, फी भरू नका. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हा कुठला व्यवहार? जुन्या नाण्यांच्या नावाने असे पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेनेही 2021 साली बजावले आहे. विकायचेच असेल तर दोन-तीन ठिकाणी वजन करा, त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने हिशेब करा, मग बोला. टाकसाळ कोणती, हे जाणकार बारीक खुणांवरून सांगतात.

आजींनी नाणे पुन्हा फडक्यात बांधले. म्हणाल्या, "मग राहू दे. कानातलंही राहिलं आणि राणीही राहिली."

आपल्याही घरी असे फोन येत असतील. पोराबाळांना आजच सांगून ठेवा.