थ्रेड : कूष्मांड म्हणजे लाल भोपळा नव्हे

नवरात्र जवळ आले की एक चित्र हमखास फिरू लागते. वर केशरी गराची फोड, खाली ‘चरकाने सांगितलेले कूष्मांड’ अशी ओळ. लोक ते अभिमानाने पुढे पाठवतात. त्या चित्रातील फळ चरकाने पाहिलेले नव्हते. पाहणे शक्यही नव्हते.

कूष्मांड म्हणजे कोहळा. पिकल्यावर सालीवर राखेसारखा थर, आत पांढरा गर. आग्र्याचा पेठा याचाच. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात तो हाच, आणि होमात पशूऐवजी बळी म्हणून कापतात तोही हाच. ‘अलाबू’ हे दुधी-तुंब्याचे नाव. सतारीचा भोपळा त्याच वेलाचा. लाल भोपळ्याला प्राचीन संस्कृत ग्रंथांत नाव नाही, कारण 1492 पूर्वी त्याचा वेल अमेरिका खंडांबाहेर नव्हता.

मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. तेथे लाल भोपळ्याच्या एका भावंड-जातीच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या. या कुळाची रानटी फळे कडूजहर असतात. पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी त्यांतून खाण्याजोगा गर घडवला. मका, घेवडा आणि भोपळा ते एकाच शेतात लावीत: घेवडा मक्याच्या ताटावर चढे, भोपळ्याची रुंद पाने जमिनीतील ओल धरून तण दाबीत. चरकाच्या नावाने फिरणारे ते चित्र या शेतकऱ्यांचे श्रेय पुसून टाकते.

युरोपातही हेच दिसते. रोममधील व्हिला फार्नेसिनाच्या छतावर 1515 ते 1518 च्या सुमारास रंगवलेल्या फळमाळांत हे भोपळे आहेत. कोलंबसापूर्वीच्या युरोपीय चित्रांत नाहीत.

मग घोटाळा कोठे झाला? भाषांतरात. कोहळ्याला इंग्रजीत ‘ॲश पम्पकिन’ म्हणतात. त्यातील ‘ॲश’ गळाला, उरलेल्या ‘पम्पकिन’चा मराठीत ‘लाल भोपळा’ झाला. मूळ श्लोक कोणी उघडून पाहिलाच नाही.

नव्या फळाला जुने नाव चिकटणे नेहमीचेच. मराठीत ‘भोपळा’ आधीपासून होता; नव्याला ‘लाल’ किंवा ‘तांबडा’ जोडावे लागले. गोव्यात ‘दुदी’ म्हणजे लाल भोपळाच. हिंदीतील ‘कुम्हडा’ कूष्मांडापासून आला, तरी अनेक ठिकाणी त्याचा अर्थ लाल भोपळा. ‘काशीफळ’ या नावावरून तर तो थेट गंगाकाठचा वाटावा! नाव जुने म्हणून वस्तू जुनी, हे अनुमान इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये.

अस्मिता दुखावणाऱ्यांनी उपवासाचे ताट पाहावे. लाल भोपळा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा : सारे अमेरिकेतले. त्याने उपवास मोडत नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेतच. ‘पोर्तुगीजांनी आपल्याला खायला शिकवले’ असे ते ऐटीत सांगतात. गलबतातून फार तर बी आले. ते येथल्या पावसात रुजवून, कुडाच्या छपरावर वेल चढवून, गुळाशी गर शिजवून घारगे येथल्याच माणसांनी केले.

चित्र फिरवणाऱ्यांनी ओळ तशीच ठेवावी, फक्त फळ बदलावे. कोहळा मंडईत मिळतो, छायाचित्र काढायला अर्धा मिनिट पुरतो.