संदर्भ द्यायचा, पण आधी वाचायचा

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेली संदर्भांची यादी सहसा कोणी वाचत नाही. लिहिणाऱ्यालाही ती शेवटच्या रात्री उरकायची हमाली वाटते. एमडी-एमएसचे प्रबंध सादर करण्याचे दिवस जवळ आले की निवासी डॉक्टरांची धावपळ चालते ती स्वल्पविराम कुठे, अर्धविराम कुठे आणि लेखकांची नावे किती, यासाठी. विरामचिन्हे चुकली तर प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो. ज्या निबंधाचा हवाला दिला तो विद्यार्थ्याने उघडून वाचला आहे का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत शेवटी रुग्णाला मोजावी लागते.

मांडणीचे नियम मुळात सोयीसाठी आले. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जमले. तोवर प्रत्येक नियतकालिकाची मागणी वेगळी असे. एकाने निबंध नाकारला की दुसऱ्याकडे पाठवताना सारी यादी पुन्हा टाइप करावी लागे. ही यातायात वाचावी म्हणून त्यांनी समान नियम ठरवले आणि ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्यांना आकडे द्यायचे. यादीत लेखक, निबंधाचे शीर्षक, नियतकालिकाचे ठरलेले संक्षिप्त नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठे लिहायची. लेखक सहापेक्षा जास्त असतील तर सहा नावांनंतर ‘आणि इतर’. हीच ती व्हँकुव्हर पद्धत. तिचा हेतू टपालाच्या पत्त्यासारखा आहे. वाचणाऱ्याला मूळ निबंधापर्यंत जाता यावे, एवढाच. पत्ता बिनचूक असला म्हणून त्या घरात कोण राहते हे कळत नाही. त्यासाठी दार उघडून आत जावे लागते.

आत न जाता पत्ता पुढे देत राहिले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे संपादकांना लिहिलेले पत्र छापून आले. जेमतेम पाच वाक्यांचे. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांत व्यसन लागल्याची पुरेशी नोंद सापडली. पत्रात खोटे काही नव्हते. पण हे रुग्ण रुग्णालयात, डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली होते. घरी गेल्यावर महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचे काय होते, याबद्दल ते पत्र काहीच सांगत नव्हते.

पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यात दीर्घकाळ परिणाम करणारी ऑक्सिकोडोनची गोळी अमेरिकेच्या बाजारात आली आणि या पत्राचे हवाले वाढले. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये त्यांची मोजदाद केली. पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता. त्यातील सुमारे ७२ टक्के ठिकाणी ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून. आणि सुमारे ८१ टक्के ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते, या कळीच्या गोष्टीचा उल्लेखच नव्हता. हे पत्र उद्धृत करणाऱ्यांपैकी कितींनी त्याची पाच वाक्ये वाचली होती, असा प्रश्न पडतो. अमेरिकेत १९९९ ते २०१९ या काळात अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने सुमारे पाच लाख माणसे दगावली. त्यात बेकायदा हेरॉइन आणि फेंटानिलचा वाटा मोठा आहे, औषध कंपन्यांच्या प्रचाराचाही आहे. सारा दोष एका पत्राचा नाही. पण डॉक्टरांची भीड चेपायला ते वापरले गेले, हे नाकारता येत नाही. आज त्या नियतकालिकाने मूळ पत्रालाच वाचकांना सावध करणारी टीप जोडली आहे. ती यायला ३७ वर्षे लागली.

दुसरा धोका मागे घेतलेल्या निबंधांचा. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने कोविडच्या रुग्णांवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या वापराबद्दल निबंध छापला. त्याची मूळ माहिती तपासायला मिळेना, तेव्हा दोन आठवड्यांत तो मागे घेतला गेला. त्या बातमीने जगभर गदारोळ झाला. तरीही नंतरच्या कितीतरी निबंधांत, तो मागे घेतल्याचा उल्लेख न करता, आधार म्हणून त्याचे नाव येत राहिले. कारण सोपे आहे. यादीवरून यादी उतरवली की चूकही उतरते.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. संगणकाला संदर्भ मागितले तर तो लेखक, वर्ष, खंड, पृष्ठे अशी सुबक नोंद देतो, आणि कधी कधी तसा निबंधच अस्तित्वात नसतो. विरामचिन्हे मात्र जागच्या जागी असतात. झोटेरो, मेंडेलेसारखी सॉफ्टवेअर मांडणीचे काम काही मिनिटांत करतात. म्हणजे नीटनेटकी यादी ही मेहनतीची खूण राहिलेली नाही. यंत्राकडे सोपवता येईल ते खुशाल सोपवावे. वाचनाची जबाबदारी मात्र सोपवता येत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. मार्गदर्शकाने प्रबंधातील कोणतेही दहा संदर्भ निवडावेत आणि विद्यार्थ्याला मूळ निबंध आणून त्यातले नेमके वाक्य दाखवायला सांगावे. पबमेड सर्वांना मोफत खुले आहे. निबंध खरोखर आहे का, तो मागे घेतला आहे का, हे तिथे पाहता येते. अनेक निबंधांचा पूर्ण मजकूर विकत घ्यावा लागतो आणि लहान महाविद्यालयांना ते परवडत नाही, ही अडचण खरी आहे. ग्रंथालयामार्फत प्रत मागवता येते, लेखकाला ईमेल करता येतो. तेही जमले नाही तर केवळ सारांश वाचून ठाम विधान करू नये. नियतकालिकांनीही पहिल्या खेपेला मांडणीसाठी अडवू नये आणि तोच वेळ संदर्भ पडताळण्यात घालवावा.

हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ हे वाक्य औषधांच्या जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज भेटते. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत : कोणते संशोधन, किती जणांवर आणि कुठल्या रुग्णांवर? १९८०च्या त्या पत्राबद्दल शेवटचा प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर पुष्कळ चिठ्ठ्या लिहिताना डॉक्टरांचा हात थांबला असता.