संसर्ग नाही, म्हणून चौकशी नाही

जानेवारी 2021 मध्ये बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि सारी यंत्रणा खडबडून जागी झाली. ते योग्यच झाले. याच तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्यही आहे. मोराला अभयारण्याची हद्द कळत नाही. मृगाचा पाऊस पडला की तो शेजारच्या रानात उतरतो आणि तिथे नुकतीच लावलेली सरकी असते. बीटी कापसाचे बियाणे पाकिटातूनच कीटकनाशकाचा लेप घेऊन येते. पुढे कापूस पात्यावर आला की फवारण्या सुरू होतात. अशा रानात मोर मेला, तर ‘विषबाधेचा संशय’ एवढ्या नोंदीवर प्रकरण मिटण्याचीच शक्यता जास्त. कोणते विष, किती, कुठून आले, हे खणून काढण्याची निकड कोणाला वाटत नाही. कारण विष काही कावळ्याकडून कोंबडीला लागत नाही.

ही बेफिकिरी महागात पडते, हे गिधाडांनी दाखवून दिले आहे. गिधाडे झपाट्याने मरू लागली तेव्हा आधी एखाद्या संसर्गाचाच संशय होता. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची बारकाईने तपासणी झाली आणि 2004 मध्ये खरा गुन्हेगार सापडला : गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेले, गिधाडांनी खाल्ले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारताने 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास संपली होती. पुढे एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. गिधाडे गेल्याने 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली, असा त्यांचा अंदाज आहे. उघड्यावर सडणारी जनावरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज, असा त्या मरणाचा मार्ग होता.

कापसाच्या रानात तर मार्ग याहून जवळचा आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची कीटकनाशके मज्जासंस्थेतले कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. हे विकर पक्ष्यात असते, तसेच पाठीवर पंप घेतलेल्या मजुरातही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरले. बीडचा कापूस काही वेगळ्या औषधांवर पिकत नाही.

पक्षी आणि माणूस या दोघांच्या विषबाधेचा तपास एकत्र करायला नवी संस्था उभारण्याची गरज नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि कृषी विद्यापीठ आहे. वन विभागाने मेलेल्या पक्ष्याच्या यकृताचा आणि पोटातल्या दाण्यांचा नमुना परभणीला द्यावा. अंबाजोगाईने फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनेस्टरेज हंगामाआधी आणि हंगामात मोजावे. दोन्ही निकाल गावनिहाय एका नकाशावर मांडावेत. परळीच्या औष्णिक केंद्राची राख तिथल्या विहिरींत, चाऱ्यात आणि माणसांच्या फुप्फुसांत किती उतरते, याचा तपासही याच पद्धतीने होऊ शकतो.

आज मोराची फाइल वन खात्यात, मजुराचा केसपेपर रुग्णालयात आणि औषधाच्या विक्रीची नोंद कृषी खात्यात पडून राहते. तीन कागद एकत्र आले नाहीत, तर विषबाधा हा नेहमीच एकेकट्याचा अपघात ठरतो आणि अपघाताची जबाबदारी कोणावरच येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या खरिपाच्या आढावा बैठकीत खत-बियाण्यांच्या साठ्याबरोबर हे तीन कागदही मागावेत. त्याला निधी लागत नाही, फक्त एक पत्र लागते.