दप्तरातली जात आणि शेतातला माणूस

माणूस स्वतःला कोण समजतो, हे तो एकटा ठरवीत नाही. त्याचा धंदा, त्याची बोली, त्याचे सोयरेधायरे आणि सरकारी दप्तर हे सारे मिळून ते ठरवितात. मराठवाड्याच्या उत्तर टोकाचा सोयगाव तालुका या दृष्टीने बोलका आहे. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या या मुलखाचे पाणी गोदावरीकडे नव्हे, तापीकडे वाहते. शेतात कापूस, बोलीला खानदेशी वळण आणि सोयरिकी शेंदुर्णी-पाचोऱ्यापर्यंत. मात्र १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता आणि शेजारचा पूर्व खानदेश ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. राजवटी दोन, म्हणून दप्तरेही दोन. परिणामी एकाच गोतातला शेतकरी तिकडे कागदावर 'कुणबी' ठरू शकतो आणि इकडे 'मराठा'.

वस्तुतः 'कुणबी' हा शब्द मुळात कामाचा. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा कुणबी, माळी आणि धनगर हे मुळात एकच, केवळ धंद्यामुळे वेगळे झालेले, अशी मांडणी केली होती. पुढे क्षत्रियत्वाच्या प्रतिष्ठेपायी अनेक घराण्यांनी कुणबी हे नाव मागे टाकले. आज त्यांचेच वंशज त्या नावाचा पुरावा जुन्या कागदांत शोधीत आहेत. यात ढोंग पाहणे अन्यायाचे होईल. प्रतिष्ठा ज्या नावात होती ते नाव आजोबांनी घेतले. संधी ज्या नावात दिसते ते नातू मागतो आहे.

ही संधी कागदावर अवलंबून ठेवली ती शासनाने. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला आधार मानून गावपातळीवर चौकशीची पद्धत घालून दिली. तेव्हापासून ओबीसी समाजात आपला वाटा घटण्याची धास्ती आहे. ती निराधार म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. फुल्यांनी ज्यांना एका रांगेत बसविले, ते कुणबी, माळी आणि धनगर आज एकमेकांकडे संशयाने पाहतात, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी हानी होय.

तिचे मूळ दप्तरात नाही, शेतात आहे. १९७०-७१ साली महाराष्ट्रातील सरासरी शेतजमीन दर खातेदारामागे ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरांवर आली. कोरडवाहू कापसावर एवढ्या तुकड्यात कुटुंब पोसत नाही आणि शिकलेल्या मुलाला नोकरी मिळत नाही. जमीन पाटील म्हणवून घेण्याइतकी होती, तोवर जातीच्या दाखल्याची गरज भासली नाही. ती तुटली, तेव्हा दाखला हीच इस्टेट वाटू लागली.

म्हणून नोंदींची छाननी प्रामाणिकपणे व्हावी, आणि ओबीसींचा हक्क गुपचूप पातळ होऊ नये. त्याचबरोबर आगामी जनगणनेत जातीची मोजणी व्हायची आहे, तिला प्रत्येक जातीतील जमीन, सिंचन, शिक्षण आणि उत्पन्न यांच्या पाहणीची जोड द्यावी. नुसती जात मोजली, तर सोयगावचा शेतकरी पुन्हा एकदा केवळ नाव म्हणून दप्तरात शिरेल. आरक्षण ही मागासलेपणावरची उपाययोजना आहे. अर्ध्या एकरावर राबणाऱ्याला पाणी, कापसाला भाव आणि मुलाला काम, हे प्रश्न कुणब्याचे, माळ्याचे आणि मराठ्याचे समानच राहतात. ते एकत्र मांडण्याची भाषा गावागावांत पुन्हा घडवावी लागेल.