विचारायला काय धाड भरली आहे?

कळवणच्या कॅन्सर रुग्णाला केमो चढवून नाशिकहून किंवा मुंबईहून घरी धाडायचे, कागदावर पुढची तारीख लिहायची आणि मधल्या आठवड्यांत त्याचे काय होते याची साधी विचारपूसही करायची नाही, याला उपचार म्हणणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे!

तोंड आतून सोलवटते, पाण्याचा घोट उतरत नाही, जुलाब थांबत नाहीत. पांढऱ्या पेशी घटलेल्या अंगात ताप भरतो आणि तो पाहता पाहता जीव घेऊ शकतो. दळवट-कनाशीकडच्या पाड्यावर घरचे म्हणतात, केमोने असे होतेच, तारखेला डॉक्टरांना सांगू. तारखेपर्यंत माणूस उरला तर! उरलाच, तर मोठ्या डॉक्टरांपुढे भिडेने 'बरं आहे' म्हणतो आणि केसपेपरवर तेवढेच उतरते.

सरकारने आशाताईंच्या हाती सीबॅक फॉर्म दिला आहे. तिशी ओलांडलेल्यांना विचारा, तोंडात न भरणारी जखम आहे का? स्तनात गाठ आहे का? उत्तम! पण निदान झाल्यावर केमो सोसणाऱ्याचा आठवड्याचा त्रास टिपायला त्यात एकही रकाना नाही. निरोग्याची चौकशी आणि रोग्याकडे पाठ, हा कुठला न्याय?

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. इथन बाश यांनी केमो घेणाऱ्या 766 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींनी 12 लक्षणे कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायची आणि त्रास वाढला की नर्सला लगेच कळायचे, एवढेच. 2017 मध्ये निकाल छापला गेला. नेहमीच्या पद्धतीत मध्यक आयुष्य 26 महिने, नोंदवणाऱ्यांत 31.2! नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. आणि कॉम्प्युटरची सवय नसलेल्यांना बहुतेक बाबतींत अधिकच लाभ झाला. 'आदिवासी रुग्णांना हे जमणार नाही' ही सबब यापुढे कोणी तोंडातून काढू नये.

कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका नर्सकडे तालुक्यातील केमोच्या रुग्णांची यादी द्या. आशाताईंनी दर आठवड्याला घरी जाऊन रुग्णाच्याच बोलीत विचारावे. त्याचा वेगळा मोबदला द्या, फुकटचे काम त्यांच्या गळ्यात मारू नका! ताप 100.4 वर गेला की त्या नर्सला थेट कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलण्याचा आणि मध्यरात्रीही गाडी धाडण्याचा अधिकार हवा. महात्मा फुले योजनेतून केमोचे पैसे देणाऱ्या सरकारला हा खर्च जड नाही. यादी कोणत्या तारखेला तयार होणार, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी कळवणकरांना जाहीर सांगावे.